टर्बो रिबिल्ड केला तरी परत ऑइल टाकतोय? जुने बुश फेकायच्या आधी नीट बघा

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, खोलला, किट (नवे बुश, म्हणजे शाफ्टची बेअरिंगं, आणि रिंगा) टाकलं, दोन-चार महिने गाडी मस्त पळाली आणि परत तेच. सकाळी स्टार्ट केल्यावर मागे निळा धूर, डिपस्टिकवर ऑइल खाली, चोर्ला घाट चढताना तिसऱ्या गिअरलाही दम नाही. गोव्यात जुन्या डिझेल गाड्या सांभाळणाऱ्यांची ही कायमची तक्रार आहे आणि गॅरेजमध्ये बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं, "किट डुप्लिकेट निघालं, आता ओरिजिनल टाकूया". मग परत खर्च आणि परत दोन-चार महिने. मला एवढंच सांगायचंय की टर्बो स्वतःच्या दोषाने फार क्वचित जातो, त्याला घालवणारं कारण इंजिनाच्या बाजूला असतं, आणि ते तसंच राहिलं तर कितीही भारी किट टाका, तेही जाणार. आणि ते कारण काय हे काढलेल्या जुन्या पार्टवर दिसतं, फक्त ते भंगारात जायच्या आधी कोणीतरी उजेडात धरून बघायला हवेत.

माझा मावसभाऊ डिचोलीला असतो, त्याच्याकडे जुनी डिझेल हॅचबॅक आहे आणि कामासाठी त्याचं बेळगावला कायम येणंजाणं. पहिल्यांदा टर्बो गेला तेव्हा एका गॅरेजने किट टाकून दिलं, ते काही महिन्यांत गेलं, मग दुसऱ्या गॅरेजने अख्खा कोअर, म्हणजे मधला शाफ्ट-बुश-पंख्यांचा तयार भाग, नवा टाकला आणि तोसुद्धा ऑइल टाकायला लागला. शेवटी म्हणाला, दादा आता घरीच खोलूया, पैसे घालून घालून दमलो. त्याने एक काम फार चांगलं केलं होतं, दोन्ही वेळचे काढलेले पार्ट मागून घेऊन डब्यात ठेवले होते. गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर हे आधीच सांगून ठेवा, जुने पार्ट मला परत पाहिजेत म्हणून, अगदी तुटलेली रिंगसुद्धा.

पण पार्टकडे वळायच्या आधी एक, सगळा दोष टर्बोचाच आहे का ते बघा. पिकअप नाही आणि धूर काळा येतोय तर हवा कमी पडतेय, तिथे टर्बो खोलायची घाई नको, आधी टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि तिथून इंजिनापर्यंतचे होज हाताने चाचपा. रबरी होज क्लॅम्पच्या कडेला खालच्या बाजूने फाटतो, वरून बघितलं तर धडधाकट दिसतो, आणि फाटलेल्या जागी तेलकट काळा डाग असतो. अ‍ॅक्च्युएटरची (टर्बोचा दाब आवरणारा भाग) बारीक नळी तडकली तरी पिकअप जातो. धूर पांढरा असेल तर इंजेक्टर किंवा कूलंटकडे बघा. निळा धूर, जळक्या ऑइलचा वास आणि ऑइल कमी होणं हे तिन्ही असेल तेव्हा टर्बोवर संशय घ्या, आणि तेव्हाही पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सील यांचा संशय सोडू नका. होजच्या आत ऑइलचा पातळ ओलावा असणं चालतं, तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतल्या वाफा बाहेर काढणाऱ्या नळीतून, येतो. पण होज काढल्यावर ऑइल ओघळून खाली पडलं तर ते चालत नाही.

आता जुने पार्ट. आम्ही पहिल्या खेपेचे बुश आणि शाफ्ट पेपरवर मांडले. शाफ्टवर जिथे दोन बुश बसतात त्या दोन्ही जागी निळा-जांभळा पट्टा, बाकीचा शाफ्ट साधा पोलादी. बुशचं पितळ काळवंडलेलं, आतल्या बाजूने थोडं पितळ पुसलं जाऊन शाफ्टला चिकटलेलं, आणि बुशमधली बारीक भोकं अर्धी बुजलेली. हा निळा रंग फक्त तापण्याने येतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, छोटे टर्बो त्याच्याही वर जातात, आणि बुश शाफ्टला कधी टेकत नाही, मधे ऑइलची फिल्म असते, बुशच्या बाहेरही फिल्म असते आणि बुश स्वतःसुद्धा त्या ऑइलमध्ये तरंगत फिरतो. ती फिल्म काही सेकंद जरी तुटली तरी धातूला धातू लागतो आणि शाफ्ट निळा पडतो. मग दुसऱ्या डब्यातले, म्हणजे किटमधले बुश बघितले, काही महिनेच चाललेले, तर तेही तसेच निळे-काळे. किट डुप्लिकेट असतं तर झीज वेगळी दिसली असती, इथे मूळ बुशलाही ऑइल मिळालं नाही आणि किटच्या बुशलाही मिळालं नाही, म्हणजे रोग एकच आणि तो टर्बोच्या बाहेरचा.

ऑइल मिळत नाही म्हणजे पहिला संशय फीड पाइपवर, इंजिनाकडून टर्बोला ऑइल आणणारी बारीक लोखंडी नळी. पहिल्या गॅरेजने ती काढून कॉम्प्रेसरने हवा मारून परत लावली होती असं भाऊ म्हणाला. दोन्ही टोकांनी बघितली तर स्वच्छ दिसते, हवाही पास होते. डब्यातली ती जुनी नळी आम्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळच्या वळणावर हॅक्सॉने उभी कापली. आत भिंतीला कडक काळा थर, मधलं भोक निम्म्याहून कमी राहिलेलं, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर चकचकीत काळे पापुद्रे निघत होते. ते ऑइलच आहे, शिजून कोळसा झालेलं. चोर्ला घाट चढून वर आलं की लोक चहाला थांबतात आणि गाडी लगेच बंद करतात, त्या क्षणी एक्झॉस्टची बाजू लालबुंद तापलेली असते, पंप थांबला की नळीत आणि कोअरमध्ये अडकलेलं ऑइल तिथेच करपतं. एका वेळेला केसाएवढाही थर बसत नाही पण वर्षानुवर्षं हेच होत राहतं. अनमोडच्या घाटालाही तेच. चढ संपल्यावर शेवटचा किलोमीटरभर हळू चालवा, नाहीतर थांबल्यावर एक-दोन मिनिटं आयडलला ठेवून मग बंद करा, बस्स.

म्हणून माझं मत पक्कं आहे, टर्बो खोलला की फीड पाइप नवा, साफ केलेला चालवायचा नाही. त्याच्या बँजो बोल्टमध्ये (ज्यातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) काही इंजिनांत बारीक जाळी असते, ती असेल तर तीही नवी, तांब्याचे वॉशर नवे. जाळी काळ्या कणांनी भरलेली सापडली तर चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, खोलून ऑइल पंपाची जाळीही बघावी लागेल, कारण तो गाळ खालीच साठलाय आणि नवीन ऑइल टाकलं की सुटून परत वर येणार.

दुसऱ्या गॅरेजने नवा कोअर टाकताना फीड पाइप बदलला होता, ते बरोबर केलं. मग नवा कोअर ऑइल का टाकत होता? आम्ही टर्बो उतरवला, पंखा हाताने फिरवला तर गुळगुळीत फिरत होता, कुठे घासत नव्हता, जास्तीचा प्ले, म्हणजे शाफ्टचा ढिलेपणा, नाही. एक्झॉस्टच्या बाजूला मात्र टर्बाइन हाऊसिंगच्या, म्हणजे एक्झॉस्टवर फिरणाऱ्या पंख्याच्या कवचाच्या, आत ओलं काळं ऑइल. चांगला कोअर आणि तरी गळती. इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे की टर्बोत रबरी ऑइल सील असतं आणि ते खराब झालं की ऑइल येतं. तसं काही नसतं. दोन्ही बाजूंना पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात, आणि त्या मुख्यतः हवा आणि एक्झॉस्ट आत येऊ नये म्हणून आहेत. ऑइल बाहेर न येण्याची खरी जबाबदारी असते परतीच्या मार्गाची. बुशमधून बाहेर पडलेलं ऑइल फेसाळलेलं असतं, त्याला तिथे प्रेशर उरलेलं नसतं, ते निव्वळ स्वतःच्या वजनाने ड्रेन पाइपमधून खाली चेंबरमध्ये पडायला हवं. मोरीचा पाइप तुंबला की पाणी वर चढतं तसं ड्रेन अडला की ऑइल कोअरमध्ये चढतं आणि रिंगांवरून दोन्ही बाजूंना जातं, मग रिंगा कितीही नव्या असोत. म्हणून ड्रेन जाड भोकाचा असतो, आणि टर्बो बसवताना तो उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त तिरका नको असं बनवणारे सांगतात, मधे कुठे खोलगट वाक नको.

आम्ही ड्रेनचं पॅकिंग काढलं तर कारण समोरच होतं. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन पेस्ट लावलेली, बोल्ट आवळल्यावर जास्तीची पेस्ट आतल्या बाजूला दाबली जाऊन तिचा जाड लाल पट्टा भोकाच्या अर्ध्या भागात लोंबत होता. बोटाने ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. फीड आणि ड्रेन या दोन ठिकाणी कसलीही पेस्ट लावायची नाही, नुसतं कोरडं नवीन पॅकिंग, फक्त दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ. फीडच्या बाजूला पेस्टचा तुकडा सुटला तर तो सरळ बुशच्या भोकात जाऊन बसतो. एकाच गाडीत आधी फीड आणि नंतर ड्रेन, असे दोन वेगळे आजार होते, लक्षण एकच निळा धूर, आणि दोन्ही वेळा शिक्षा झाली टर्बोला.

ड्रेन मोकळा असूनही ऑइल चढू शकतं, जर खाली चेंबरमध्येच प्रेशर असेल तर. त्याची तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करा, आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल, पण उडतंय किंवा भोकातून धूर भकाभका येतोय तर ब्लोबाय, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा गॅस, जास्त आहे. आधी ब्रीदरची नळी काढून बघा, पावसाळ्यात फोंडा ते कुर्टी, म्हापसा ते पर्रा अशा छोट्या छोट्या फेऱ्याच मारल्या की इंजिन पूर्ण गरम होत नाही आणि ब्रीदरमध्ये पाण्याची वाफ आणि ऑइल मिळून पिवळट-तपकिरी चिकट लगदा बनतो. साफ करून फरक पडला तर उत्तम. नाही पडला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, कॉम्प्रेशन टेस्ट करा आणि टर्बोवर एक रुपयाही घालू नका तोपर्यंत.

हवेच्या बाजूचं पण बघायला हवं. एअर फिल्टर चोंदला की कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा ओढणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी व्हॅक्यूम वाढतो आणि ऑइल त्या बाजूला ओढलं जातं, विशेषतः लांब आयडलला, कारण तेव्हा पंख्याच्या मागे प्रेशर नसतं. नवा झुआरी पूल व्हायच्या आधी कुठ्ठाळीच्या ट्राफिकमध्ये एसी लावून अर्धा अर्धा तास उभ्या राहिलेल्या गाड्या आठवा, फिल्टर चोंदलेली गाडी अशा ठिकाणी निघताना निळा भपकारा सोडते आणि मग रस्त्यावर ठीक चालते. असं होत असेल तर आधी फिल्टर बदला, शंभरातल्या कित्येक गोष्टी तिथेच मिटतात. पावसात कागदी फिल्टर ओला होऊन सुद्धा श्वास कोंडतो. आणि धुळीचं सांगायचं तर खाणपट्ट्यात, सांगे, केपे, डिचोली, सत्तरी इकडे २०१२ च्या बंदीआधी जेव्हा रस्त्यावर ट्रकांची रांग संपत नव्हती तेव्हा फिरलेल्या जुन्या गाड्यांचे कॉम्प्रेसरचे पंखे नीट बघा, फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसत नसेल तर लाल धूळ आत जाऊन पात्यांची पुढची धार बोथट आणि खडबडीत झालेली असते. तो पंखा साफ करून परत वापरायचा नाही, त्याचा बॅलन्स गेलेला असतो.

एक्झॉस्ट बंद असेल तर काय होतं तेही सांगतो, कारण हे फार कमी लोक तपासतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला की टर्बाइनच्या मागे प्रेशर साठतं, शाफ्ट एका बाजूला ढकलला जातो आणि थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टला पुढेमागे सरकू न देणारं बेअरिंग, खाल्लं जातं. जुन्या थ्रस्ट बेअरिंगच्या एकाच बाजूच्या खोबणी घासून सपाट झाल्या असतील आणि बुश मात्र बरे असतील तर सायलेन्सरच्या दिशेने बघा. बुश आणि शाफ्टवर गोल गोल खोल ओरखडे असतील तर ऑइलमध्ये कचरा, म्हणजे फिल्टर स्वस्तातला किंवा ऑइल बदलायला उशीर. पात्याला खाच किंवा तुकडा उडालेला असेल तर बाहेरून काहीतरी आत गेलंय, तो तुकडा इंटरकूलरमध्ये असू शकतो, शोधून काढल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

एवढं सगळं जमलं की मग घरी रिबिल्ड करायला हरकत नाही. साधा वेस्टगेटवाला (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) टर्बो घरी होतो, व्हेरिएबल पात्यांचा (टर्बाइनभोवती हलणारी पाती असलेला) पहिल्यांदाच करत असाल तर करू नका असं मी सांगेन. किट मागवताना टर्बोवरच्या पट्टीवरचा पार्ट नंबर बघूनच मागवा, गाडीच्या नावावर नाही. फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट इंजिन मारुतीतही आलं आणि टाटातही, पण ७५ पीएसवाल्याला साधा टर्बो आणि ९० पीएसवाल्याला व्हेरिएबल, त्यामुळे "मल्टिजेटचं किट द्या" एवढं सांगून भागत नाही.

खोलायच्या आधी दोन्ही हाऊसिंग आणि कोअर यांच्यावर एकमेकांसमोर खुणा करा, मोबाइलवर फोटो काढा, हाऊसिंग कोणत्या कोनात बसलंय ते नंतर आठवत नाही. समुद्राजवळच्या गाड्यांचे, कळंगुट-बाणावली पट्ट्यातल्या, टर्बाइन बाजूचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, जोर लावून तोडलात तर स्टड ड्रिल करत बसावं लागेल. मग कॉम्प्रेसरचा नट, पंखा आणि शाफ्टचं टोक या तिघांवरून जाणारी एक बारीक सरळ रेष कोरा किंवा पेंट मार्करने काढा. ही रेष सगळ्यात महत्त्वाची आहे, बॅलन्स त्या तिघांच्या स्थितीवर केलेला असतो आणि जोडताना तीच रेष परत जुळवायची असते.

नट बऱ्याच टर्बोंत उलट्या आट्यांचा असतो, आटे नीट बघून मगच पाना फिरवा. आणि पंखा कधीही पात्यांना धरून अडवायचा नाही. टर्बाइनच्या पंख्याच्या टोकाला सॉकेट बसेल असा षटकोनी भाग असतो, तो व्हाइसमध्ये नव्हे तर सॉकेटमध्ये धरून ठेवा आणि नटावर टी पाना सरळ वरून लावा. एका बाजूला ओढलात तर शाफ्ट वाकतो, डोळ्याला दिसणार नाही एवढा वाकतो, आणि तो टर्बो संपला.

साफसफाईला डिझेल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर, नायलॉनचा ब्रश आणि भरपूर वेळ. कॉस्टिक सोड्यात अ‍ॅल्युमिनियमचा पंखा किंवा हाऊसिंग घालू नका, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मधल्या बॉडीला वाळू मारून घेऊ नका, कितीही हवा मारली तरी वाळूचा कण ऑइलच्या वाटेत राहतो आणि पहिल्या स्टार्टला बुश खातो. टर्बाइनच्या बाजूची रिंग जिथे बसते त्या खाचेत करपलेला कार्बन घट्ट बसलेला असतो, तो जुनी रिंग तोडून तिच्याच कडेने हळूहळू खरवडून काढायचा, खाचेच्या कडा सांभाळून. इथे घाई नडते. बॉडीच्या आतली ड्रेनची पोकळीसुद्धा टॉर्च मारून बघा, टर्बाइनच्या बाजूला तिथे कोळशाचा ढीग असतो. आणि पावसाळ्यात हे काम काढलं असेल तर साफ केलेला भाग रात्रभर उघडा ठेवू नका, आपल्याकडच्या हवेत शाफ्टवर सकाळपर्यंत तांबूस छटा येते, ऑइल लावून प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा.

शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा, बुशच्या दोन जागा आणि मधली न झिजलेली जागा, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं दोनदा. झीज मायक्रॉनमध्ये असते, व्हर्नियरने कळत नाही. मायक्रोमीटर नसेल तर कुठल्याही लेथवाल्याकडे मोजून मिळतं. निळा पडलेला शाफ्ट मापात असला तरी वापरू नका, त्याचा कडकपणा गेलेला असतो. त्याची टर्बाइन चाकाशी वेल्डिंग केलेली असते म्हणजे शाफ्टबरोबर टर्बाइन पण नवं येतं, खर्च वाढतो, आणि तेव्हा पूर्ण कोअर घेणंच परवडतं, हा हिशोब आधीच करून ठेवा.

जोडताना प्रत्येक भाग स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून. रिंग बॉडीत शिरताना जबरदस्ती करू नका, तोंडाशी उतरती कडा असते, शाफ्ट सरळ धरून हलकेच गोल फिरवत दाबलं की आत जाते, टकटक मारलीत तर रिंग तुटते आणि आवाजही येत नाही. सर्क्लिपची (बुश जागेवर धरणारी स्प्रिंगची रिंग) गोलाई असलेली बाजू बुशकडे. नट कंपनीच्या टॉर्कने, तो फार थोडा असतो, अंदाजाने आवळायचं काम नाही. मग डायल गेज लावून शाफ्ट पुढेमागे ढकलून बघा, बहुतेक छोट्या टर्बोंत हा प्ले ०.१ मिलिमीटरच्या आतच असतो, हाताला जवळजवळ जाणवत नाही. आडवा प्ले थोडा जाणवतो, तो ऑइलच्या फिल्मची जागा आहे, त्याला घाबरू नका, पण बोटाने एका बाजूला दाबून फिरवल्यावर पंखा हाऊसिंगला घासता कामा नये.

बॅलन्सिंगबद्दल. पंखा आणि शाफ्ट तेच, रेष जुळलेली, फक्त बुश-रिंगा नव्या, तर छोट्या कमी बूस्टच्या टर्बोत गाडी नीट चालते असा अनुभव आहे. पण यातला कुठलाही फिरणारा भाग बदलला तर कोअर हाय स्पीड मशीनवर बॅलन्स करून घ्या. गोव्यात नाही जमलं तर बेळगाव किंवा कोल्हापूरकडे चौकशी करा, तिकडे इंजिनिअरिंगची कामं मोठ्या प्रमाणात चालतात. पोलिसांच्या सायरनसारखा चढत जाणारा आवाज यायला लागला तर तो बॅलन्सचा आहे, तशी गाडी पळवत राहू नका.

लावायच्या आधी इंटरकूलर आणि सगळे होज काढून आतलं ऑइल पूर्ण निथळून घ्या, डिझेलने धुवून सुकवा. हे धुराच्या भीतीने सांगत नाही. आत साठलेलं ऑइल इंजिनाने ओढलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळतं, चावी बंद केली तरी थांबत नाही आणि फेरे वाढतच जातात, इंजिन फुटेपर्यंत. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाकून ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा, ती बंद पडेल. किंवा इनटेकच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा तोडा, हात किंवा कपडा कधीच नाही, कपडा आत ओढला जातो आणि हाताला इजा होते. पहिल्या स्टार्टला ती फळी जवळ ठेवाच.

ऑइल आणि फिल्टर नवे घाला. टर्बोच्या फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवत राहा, खालून ड्रेनमधून ऑइल पडेपर्यंत. मग फीड पाइप टर्बोच्या टोकाला सुटाच ठेवून त्याखाली बाटली धरा, क्रँक सेन्सरचा कनेक्टर काढून इंजिन पेटणार नाही असं करा आणि थोडा थोडा वेळ स्टार्टर मारा, ऑइल अखंड यायला हवं, थेंब थेंब आलं तर पुढे जायचं नाही, मागे कुठे अडतंय ते शोधा. कॉमन रेल गाडीत डिझेलची हाय प्रेशर लाइन मात्र कधी सैल करू नका, तिथे १००० बारच्या वर प्रेशर असतं आणि ते चामडीतून आत घुसतं. फीड जोडा, परत स्टार्टर मारा, ऑइलचा लाल दिवा विझला की कनेक्टर लावून इंजिन पेटवा आणि पाच-सात मिनिटं नुसतं आयडलला, अ‍ॅक्सिलरेटरला पाय नको.

या वेळी थोडा धूर येणारच. सायलेन्सरमध्ये आधीचं ऑइल साठलेलं आहे, ते जळून जायला वेळ लागतो, भावाच्या गाडीने डिचोलीहून साखळीपर्यंत मागे ढग सोडला, केरीपर्यंत कमी झाला आणि घाट चढून खाली येईपर्यंत साफ झाला. धूर रोज कमी कमी होत असेल तर थांबा, पण तेवढाच राहिला किंवा वाढला तर आधी ड्रेन आणि ब्रीदर परत बघा, टर्बो नव्हे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट एकदा तपासा, फीड आणि ड्रेनच्या जोडावर पांढरा कागद पुसून बघा ओल आहे का, डिपस्टिकची पातळी वहीत लिहून ठेवा आणि पहिल्या हजारेक किलोमीटरला ऑइल-फिल्टर परत बदला, कारण इंजिनातला सुटलेला गाळ त्याच ऑइलमध्ये आलेला असतो. काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. पितळेची चमक दिसली तर बुश परत झिजतायत, आणि नुसता काळा गाळ असेल तर ऑइल स्वच्छ निघेपर्यंत बदलायचं अंतर कमी ठेवा.